तलावातल्या काठ्यांची कमान

ती कमान आमच्या क्रूने आजवर बांधलेल्या कमानींत सगळ्यात देखणी होती, हे आधीच कबूल करतो. दोन उभे बांबू, वर एक आडवा, आणि मधली सगळी जागा छातीएवढ्या काठ्यांच्या जाळीने भरलेली. एक खिळा नाही, एक तार नाही, नुसती सुतळी. अकरावी-बारावीच्या पोरांनी चार तासांत उभी केली. मी तिच्याखाली कमरेवर हात ठेवून उभा राहिलो आणि फोटो काढून घेतला. तो फोटो पुढे मोबाइलमधून पुसून टाकला. डोळ्यांपुढून पुसता येत नाही, त्याला काय करू?

मी पवनीकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवत होतो. मागच्या वर्षी निवृत्त झालो. पण भूगोलाचा मास्तर म्हणून मला कुत्रं ओळखत नाही. बाजारात गेलो की "शिट्टीवाले सर आले" हेच कानावर येतं. सव्वीस वर्षं मी रोव्हरांचा लीडर होतो. आता हे रोव्हर म्हणजे काय प्रकरण, ते सांगावं लागेल, कारण माझ्या सख्ख्या सासऱ्यांनाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. स्काऊट म्हणजे खाकी कपडे, गळ्यात स्कार्फ आणि दोरीच्या गाठी, एवढं सगळ्यांनी शाळेत पाहिलेलं असतं. तेच पोरगं सोळा वर्षांचं झालं, मिसरूड फुटायला लागलं, की त्याला रोव्हर म्हणतात आणि त्यांच्या तुकडीला क्रू. लहानांना खेळ शिकवायचे असतात, मोठ्यांकडून सेवा करून घ्यायची असते. जत्रेत गर्दी आवरणं, रक्तदान शिबिरात रांगा लावणं, पूर आला तर दोर टाकणं. आणि वर्षातून एकदा कॅम्प. तंबू ठोकायचे, चूल मांडायची, हाताला लागेल त्या काठीपासून वस्तू बांधायच्या: चपलांचा स्टँड, ताटं वाळवायची मांडणी, कमान. याला आम्ही गॅजेट म्हणतो. रोव्हरला काठी दिसली की तिचं काहीतरी बांधावंसं वाटतं. हा आमचा रोगच आहे म्हणा ना.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. एक बाप दर महिन्याला येऊन विचारायचा, "सर, पोरगा रोव्हर झाला, आता पोस्टिंग कुठं होईन?" दीक्षेच्या कार्यक्रमात आम्ही पोराशी डाव्या हाताने हस्तांदोलन करतो, जगभरातल्या स्काऊटांची ती रीत आहे. एका आजोबांनी भर सभेत काठी आपटली. "एवढा शिकला मास्तर, अन् डावा हात देते माह्या नातवाले!" त्यांना समजावता समजावता सगळ्यांचा चहा थंड झाला. असे पन्नास किस्से आहेत माझ्याकडे. लोकांना तेच ऐकायला आवडतात आणि मीही रंगवून सांगतो. हा एक मात्र मी घरात बायकोशिवाय कोणाला सांगितला नव्हता.

त्याआधी माझ्या स्वभावाचं सांगतो. मी तापट माणूस. सतरा वर्षांचं पोरगं म्हणजे अर्धा वकील. "तंबू इकडं ठोक" म्हटलं की "काहून सर, तिकडं काहून नाही?" सुरुवातीच्या वर्षांत वैनगंगेच्या काठी दोराचा पूल बांधताना माझी पोरं असाच वाद घालत बसली, तेवढ्यात दोर सुटला आणि एक जण खडकावर आपटला. हात मोडला त्याचा. त्या दिवशी मी नियम केला. कॅम्पवर दिवसभर फक्त काम. प्रश्न संध्याकाळी सहा वाजता, सगळ्यांनी गोल बसून, मग हवे तेवढे विचारा. दिवसा कोणी तोंड उघडलं की मी नुसतं मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवायचो. पोरगं "जी सर" म्हणून कामाला लागायचं. दुसऱ्या तालुक्यांतले लीडर हा नियम पाहायला यायचे आणि मी तो त्यांना छाती फुगवून समजावून सांगायचो. नंतर कोणाचा हात मोडला नाही, हेही खरं.

ही गोष्ट तीन-चार वर्षांपूर्वीची, दिवाळीच्या सुट्टीतल्या कॅम्पची. जागा अड्याळच्या अलीकडचं एक गाव. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. गावाला मोठा जुना तलाव, आणि तलावाच्या काठाने बेशरम माजलेलं. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: हे जांभळट फुलांचं झुडूप. कापलं तरी उगवतं, उपटून फेकलं तर पडल्या जागी मूळ धरतं, म्हणून तर त्याचं हे नाव. ते काढायचं, ही आमची सेवा ठरली. सरपंचांना भेटलो. ते म्हणाले, "काढा ना सर, जे काढायचं ते काढा. तुमच्यासारखे लोक भेटतात कुठं?" मला तेवढंच पाहिजे होतं.

तलावात मासे धरणाऱ्या ढिवर समाजाची घरं पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, खालीच होती. त्यांच्याकडे मी गेलो नाही. का नाही गेलो? सुचलंच नाही हो. गावात शिरलं की आधी माणसांना भेटा, असं पोरांना सव्वीस वर्षं सांगणाऱ्या माणसाला सुचलं नाही. शिवाय वस्ती अर्धी रिकामी होती. भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, दंडारीचे नाच-खेळ होतात, लेकीबाळी माहेरी जातात. ढिवर वस्तीतल्या बऱ्याच बाया मंडईसाठी बाहेरगावी गेल्या होत्या, आणि गडी दिवसभर धान कापायला.

क्रूत बावीस पोरं होती. त्यांचा म्होरक्या अक्षय, बारावीचा, आवाज माझ्याहून मोठा. आणि त्याच गावचा एक रोशन, अकरावीचा, बारीक चणीचा, कमी बोलणारा. त्याचं घर तंबूपासून हाकेच्या अंतरावर, तरी चारही दिवस तो तंबूतच झोपला. "कॅम्प म्हणजे कॅम्प," मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "जी सर," म्हणाला. असा पोरगा मला फार आवडायचा.

पोरांनी दोन दिवसांत बेशरम साफ केलं. हातांना फोड आले, पायांना जळवा लागल्या, पण एक बुंधा ठेवला नाही. आता पंचाईत अशी झाली की माझ्या वेळापत्रकात सेवेचे तीन दिवस लिहिलेले, आणि काम दोनच दिवसांचं निघालं. चौथ्या दिवशी समारोप, पाहुणे येणार. तिसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांची ताटली हातात घेऊन मी पाळीवर उभा राहिलो. तलावाच्या एका अंगाला, उथळ पाण्यात, अजून हिरवं माजलेलं दिसत होतं. काही पाण्यावर, काही पाण्याखाली लांब केसांसारखं. मधे मधे काठ्या रोवलेल्या आणि काठ्यांना लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या. मला वाटलं, जुन्या जाळ्याबिळ्यांचं काही राहून गेलं असेल. अर्धवट काम आपल्याला शोभत नाही म्हटलं, शिट्टी मारली आणि हुकूम सोडला: सगळं हिरवं बाहेर काढा, सगळ्या काठ्या बाहेर काढा, आणि काठ्या धुऊन ठेवा, कमानीला कामी येतील.

दोघातिघांनी हात वर केला. मी घड्याळावर बोट ठेवलं.

दुपारी चारला काम संपलं. पाण्यात आभाळ दिसायला लागलं. पाळीवर हिरव्याचा पुरुषभर उंच ढीग लागला. मी तलावाचा फोटो काढला आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आमच्या रोव्हरांनी तलावाचं रूप पालटलं." पटापट अंगठे आले. सहा वाजता पोरं गोल बसली तेव्हा मी विचारलं, "हं, कोणाले काही विचारायचं आहे?" कोणीच बोललं नाही. दमले असतील असं मला वाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी कमान उभी राहिली. दुपारी सरपंच आले, आमचे प्राचार्य आले, गावातले पाच-पंचवीस लोक खुर्च्यांवर बसले. पोरं गणवेशात, स्कार्फ कडक, दोन रांगांत. भाषण चालू होतं. अर्थात माझंच.

एक बाई पाळीवरून उतरून येताना दिसली. पन्नाशीची, हातात कापडी पिशवी, पाय धुळीने भरलेले. बसमधून उतरून तशीच आलेली दिसत होती. तिच्यामागे वस्तीतल्या सात-आठ बाया. कार्यक्रम पाहायला आल्या असतील म्हणून मी अक्षयला खूण केली, खुर्च्या दे. ती बाई काही आत आली नाही. कमानीपाशीच थांबली. जाळीतल्या एका काठीला तिने हात लावला, मग दुसरीला. एका काठीवर सुतळीच्या गाठीखाली चिंधीचा तुकडा राहून गेला होता. तो दोन बोटांत धरून ती बघत राहिली.

"ह्या काठ्या कोनं काढल्या?" तिचा आवाज जरासुद्धा चढलेला नव्हता.

मी माइकवरूनच सांगितलं, "आमच्या क्रूनं काढल्या, ताई. तलाव साफ केला आम्ही. पाहा ना एकदा."

"पाहूनच आली मी. आज सकाळी भाचीच्या मोबाइलमंधी फोटो पाह्यला. पह्यल्या बसनं निघाली." पिशवी खाली ठेवली तिने. "मास्तर, ते झाडं आमी लावले होते जी."

मी हसलो. हे लिहिताना आत्ताही कान तापतात, पण खरं तेच लिहायचं तर मी हसलो. "तलावात कोणी गवत लावते का, ताई? आपोआप माजलं होतं ते."

"चाला माह्यासंग," ती म्हणाली.

माइक हातात तसाच धरून मी तिच्यामागे गेलो. वायर ताणली गेली तेव्हा लक्षात आलं आणि तो खाली ठेवला. पाळीवरच्या ढिगाला वास सुटला होता. सकाळपासून तो वास मला येत होता, पण मला वाटलं गाळाचा असेल. बाईने ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर काहीतरी काढून माझ्यापुढे धरलं. मासोळीची पिल्लं होती. बोटाच्या पेराएवढी, त्या हिरव्या केसांत गुरफटून मेलेली. अजून ओली होती. तिने दुसऱ्यांदा हात घातला, तिसऱ्यांदा घातला, आणि दर वेळी तेवढीच निघाली.

त्या बाईचं नाव देवकाबाई. पुढचं सगळं तिने मला तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. पूर्वी या तलावात गावची मरळ, झिंगे, लहानसहान मासे भरपूर होते. मग बेशरम आलं, पाण्यातली जुनी झाडं गेली, आणि झाडं गेली तसे ते मासेही गेले, कारण त्यांची पिल्लं त्या झाडांतच लपतात आणि वाढतात. वस्तीतल्या बायांनी आपसात ठरवलं आणि कोंढ्याकडच्या एका तलावातून ती झाडं आणली. पाण्याखालच्या लांब केसांसारख्या झाडाला त्या चिला म्हणतात. ओल्या पोत्यांत भरून, डोक्यावर वाहून, दोन पावसाळे चिखलात वाकून एकेक मूळ लावलं. म्हशी शिरू नयेत, जाळं पडू नये म्हणून भोवती काठ्या रोवल्या. आणि कोणाचा पट्टा कोणता हे कळावं म्हणून प्रत्येकीने आपल्या लुगड्याची चिंधी बांधली.

"घरचे गडी हासत होते आमाले," देवकाबाई म्हणाली. "म्हनत, बाया पान्यात वावर पेरून राहिल्या. यंदा पह्यल्यांदा पिल्लं धरली होती जी. मरळीचे पिल्लं. ह्या उन्हाळ्यात इटाभट्टीवर जा लागनार नाही, घरीच राहू, असं आमी सगळ्या जनी म्हनून राहिलो होतो."

"मला माहीत नव्हतं," एवढंच बोललो.

"तुमाले नसन माहीत. तुमी बाहेरचे." ती पोरांच्या रांगांकडे वळली. "पन एवढे शिकेल पोरं, एकाच्याही मनात आलं नाही, ह्या चिंध्या कायच्या म्हनून?" बोलता बोलता तिची नजर एका ठिकाणी थांबली, आणि पहिल्यांदा तिचा आवाज फाटला. "रोशन!"

रोशन रांगेतून एक पाऊल पुढे आला. "माय."

हा तिचा मुलगा! चार-पाच महिने माझ्या क्रूत असलेला पोरगा, चार दिवस माझ्या तंबूत झोपलेला, आणि त्याची आई कोण, काय करते, हे मला माहीत नव्हतं. त्याला किती गाठी येतात ते माहीत होतं.

"तू होता इथं?"

"हो."

"तुले तर माहीत होतं रे."

"हो."

"मंग बोलला काहून नाहीस?"

रोशनने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "सरायले विचारलं होतं मी सकाळी. हात वर केला होता. सरायनं घड्याळ दाखवलं."

"कायचं घड्याळ?"

"प्रश्न संध्याकाळी विचारायचे असते, माय. सहा वाजता. नेम आहे."

"मंग संध्याकाळी काहून नाही विचारलं?"

"संध्याकाळी काय विचारू? झालं होतं ना सगळं."

हात वर करणाऱ्या दोघातिघांत रोशन होता हे मी पाहिलंही नव्हतं. मी हात पाहिले होते, चेहरे पाहिले नव्हते. देवकाबाई माझ्यासमोर आली. "असा नेम आहे का जी तुमचा?"

"आहे," मी म्हटलं. आणि त्या बाईला, मेलेल्या पिल्लांनी माखलेला हात जिने अजून पुसला नव्हता, मी तो नियम समजावून सांगायला लागलो. दोराचा पूल, मोडलेला हात, शिस्त. दुसऱ्या लीडरांना सांगायचो तेच शब्द. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच मला माझी अशी काही लाज वाटली की मी मधेच थांबलो.

सरपंच जवळ येऊन हळूच म्हणाले, "जाऊ द्या ना सर, गवतच तर होतं. पुन्हा येईन." मी त्यांच्या अंगावर असा ओरडलो की प्राचार्यांनी मला धरलं. खरं म्हणजे त्यांचा काय दोष होता? ओरडायला मला कोणीतरी पाहिजे होतं, दुसरं काय.

पाहुणे चहा न घेताच गेले. पोरांनी न सांगता कमान सोडायला घेतली. एकेक गाठ सोडून काठ्या बायांपुढे ठेवल्या, त्यांनी चिंध्या ओळखून आपापल्या वेगळ्या केल्या. बऱ्याच काठ्यांवर चिंधी राहिलीच नव्हती, धुताना गेली होती. ढिगाच्या तळाशी थोडा चिला ओला होता, तो बायांनी पुन्हा पाण्यात नेऊन खोवला. पण मुळं तुटली होती. "लागनार नाही," देवकाबाई म्हणाली, तरी लावत राहिली.

घरी आलो ते ताटावर बसलोच नाही. बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोरं तुम्हाला भितात, हे मी किती वर्षांपासून सांगून राहिली. तुम्ही म्हणता, मान देतात." मी तिच्यावरही चिडलो. मग अंधारात अंगणात जाऊन बसलो.

त्या रविवारी एकटाच वस्तीत माफी मागायला गेलो. देवकाबाई पडवीत जाळं विणत होती. मी हात जोडले. तिने मला बसायला टाकलं, चहा दिला, आणि म्हणाली, "माफी ठेवून घेते जी मास्तर, पन माफीत काही मासोळी राहत नाही. पावसाळ्यात चिला आना. पोरायले आना. आमी सांगू तसं करा."

लावणीला पाऊस लागतो. म्हणजे मधे अख्खा उन्हाळा होता. त्या उन्हाळ्यात वस्तीतली बहुतेक घरं वीटभट्टीवर गेली, देवकाबाईचंही गेलं. रोशन परीक्षेसाठी मामाकडे राहिला. परीक्षा संपली त्या दिवशी तो माझ्या घरी आला. हातात गणवेश, धुऊन इस्त्री केलेला, वर स्कार्फची घडी. "सर, आता जमत नाही," म्हणाला. बस म्हटलं तर बसला नाही. मी त्याला थांबवलं नाही. कोणत्या तोंडाने थांबवणार?

नियम मी कॅम्पनंतरच्याच आठवड्यात मोडीत काढला होता. पोरांना गोळा करून सांगितलं, आजपासून केव्हाही विचारा, कुठेही अडवा, मला चूक म्हणा. तर काय झालं असेल? कोणी विचारेचना! मी मुद्दाम चुकीची गाठ बांधून दाखवायचो, मुद्दाम तंबू उतारावर लावायला सांगायचो. पोरं माझ्या मनगटाकडे बघायची आणि कामाला लागायची. अक्षयसारखा दांडगा पोरगासुद्धा. मी घड्याळ बांधणं सोडलं, तरी काही महिने ती मनगटाकडे बघतच होती.

श्रावणात आम्ही टेम्पोने कोंढ्याकडच्या तलावातून चिला आणला. ओली पोती, वर झाकलेली पानं, रस्त्यात दोनदा थांबून पाणी मारलं. तलावावर हुकूम देवकाबाईचा. "मास्तर, येवढा खोल नका खोसू, सडते तो!" "ओ पोट्टेहो, पाय घासत चाला, गाळ नका उडवू!" मी विद्यार्थ्यासारखा ऐकत होतो. आज, दोन पावसाळे उलटल्यावर, चिला पुन्हा धरला आहे. झिंगे आले. मरळ मात्र अजून म्हणावी तशी आली नाही, आणि उन्हाळ्यात चार-सहा घरं अजूनही भट्टीवर जातात. ती आमच्यामुळे जातात. याला दुसरं काही कारण मी शोधत नाही.

त्या लावणीच्या दिवशी दुपारनंतर रोशन आला. साधी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. मला नमस्कार केला, पाण्यात उतरला आणि माझ्या बाजूच्याच ओळीत लावायला लागला. पाचेक हातांवर त्याची आई पाठमोरी वाकून लावत होती. दोन ओळी लावून झाल्या. शेवटी माझ्याच्याने राहवेना.

"रोशन," मी म्हटलं, "मी ऐकलं नाही ती माझी चूक. ती काही तुझ्या अंगावर नाही. पण तू पाण्यात उतरायचं टाळू शकला असतास रे. पोटात दुखते म्हणाला असतास. मी काही मारलं नसतं तुला."

तो अंगठ्याने मूळ गाळात दाबत होता. मान वर केली नाही.

"सर, सगळ्यात पहिले मीच उतरलो होतो. आठवते?"

मला आठवत नव्हतं.

"तुम्ही म्हटलं, रोशन, पाणी तुझ्या गावचं आहे, तू दाखव यांना. काठाले लागून मायचाच पट्टा होता. मले वाटलं, एक झाड ओढतो, तेवढ्यात सर इकडं पाहतीन, मंग सांगतो."

"मग?"

"ते मुळासकट आलं हातात. तुम्ही पाळीवरून वरडले, शाब्बास रोशन! सगळ्या पोट्ट्यायनं टाळ्या वाजवल्या." तो थांबला, आईच्या पाठीकडे एकदा पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "असं मले कोणी कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं, सर. मंग मायचा सगळा पट्टा मी एकट्यानंच काढला. मले बरं वाटून राहिलं होतं."

देवकाबाईला ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. ती वाकलेलीच होती. रोशनने पुढची जुडी उचलली आणि तो तिच्या ओळीकडे सरकला. मी गुडघाभर चिखलात तसाच उभा राहिलो. "शाब्बास रोशन" हे मी केव्हा, कोणत्या आवाजात म्हटलं, ते आठवायचा खूप प्रयत्न केला. मला काही केल्या आठवेना.